इकडे अजून आलेलं नाही

...टोकावरचा तो काळा गोळा, वाटाण्याएवढा, एका बाजूने उंदराने कुरतडल्यासारखा — दोन बोटांत धरून ती तो फिरवत होती, आणि तो नुसताच फिरत होता, निघत नव्हता, आणि निघावा असं तिला वाटतही नव्हतं. अँटेनाच्या दुसऱ्या दांडीचा गोळा कधीच हरवला होता. तिथे गसने, तिच्या नवऱ्याने, चंदेरी कागदाचा बोळा गुंडाळून दिला होता, उरलेला हॅम ज्यात ठेवतो तोच कागद, आणि त्यानंतर चित्र म्हणे जास्त स्वच्छ यायला लागलं होतं. गस गेला. बोळा अजून होता, आणि चित्रही अजून स्वच्छच येत होतं... म्हणजे प्रश्न स्वच्छतेचा नव्हताच.

"आई, ही सशाच्या कानांची अँटेना टाकून देऊ का आता?"

टीव्हीच्या मागून केंड्राचा आवाज आला. लेकीची पाठ तेवढी दिसत होती, चर्चचा चांगला स्वेटर, त्यावर धुळीची एक रेघ.

"टाकतेस कशाला? स्वयंपाकघरातल्या छोट्या टीव्हीला लावीन."

"दोन दोन टीव्ही? तूच म्हणतेस ना, एकाच टीव्हीने डोकं उठतं?"

"डोकं माझं आहे ना?"

केंड्रा हसली. साबणाच्या वडीएवढी काळी डबी, इंटरनेटवरून टीव्ही आणणारी, तिने टीव्हीखाली ठेवली, तिच्यावर एक हिरवा ठिपका लागला, आणि झालं... एवढंच? आर्डिसला काहीतरी मोठं वाटलं होतं. जुन्या काळी टीव्हीत काही बदल करायचा म्हणजे वडील छपरावर, खाली आई, दोघांचं भांडण, मध्ये शिडी. इथे नुसता ठिपका.

"इतकी वर्षं कानीकपाळी ओरडतेय मी," केंड्रा हात झटकत म्हणाली, "अख्ख्या वेस्ट ॲलिसमध्ये आता तूच राहिलीयस अँटेनावाली. तेव्हा म्हणायचीस, जे हवेतून आपोआप येतंय ते सोडून दुसरं कशाला आणू. आणि आज चर्चमधून निघताना म्हणतेस, ती डबी घेऊन ये. काय झालं काय?"

"नॉर्बसाठी," आर्डिस म्हणाली. "दोघांना एकाच वेळी दिसावं म्हणून."

ते खरं होतं. फक्त अर्धं खरं होतं, आणि उरलेलं अर्धं तिने हातातल्या अँटेनासारखं पाठीमागे धरलं होतं.

नॉर्ब तिचा भाऊ, तिच्याहून सात वर्षांनी मोठा. गुडघ्यांना मिलवॉकीचा हिवाळा सोसेना म्हणून ॲरिझोनात जाऊन राहिलेला. मोसमातल्या प्रत्येक रविवारी दोघं अमेरिकन फुटबॉलची मॅच फोनवर एकत्र बघायची — म्हणजे टीव्ही तिचा इथे, त्याचा तिथे, आणि मध्ये फोन, सोफ्याच्या हातावर उताणा ठेवलेला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालू. बोलणं असं फार नसायचं. श्वास असायचा. चिप्स चावल्याचा आवाज. ‘पळ की गाढवा!’ — हे खेळाडूला. ‘गाढव ते बरं, तुझ्यापेक्षा’ — हे तिला. इतर दिवशी एकमेकांना फोन केला तर दोघांनाही आधी कुणीतरी गेलं असंच वाटायचं. आई गेल्यावर, गस गेल्यावर, नॉर्बने समजूत म्हणून एक शब्द काढला नव्हता. पुढच्या रविवारी फोन केला होता आणि म्हणाला होता, ‘आर्डी, आज आपली बचाव फळी बघ, नुसता लोण्याचा गोळा आहे.’ आणि तिला बरं वाटलं होतं, इतकं बरं की रडू आलं होतं.

सप्टेंबरमध्ये मर्नाने, नॉर्बच्या बायकोने, छपरावरची डिश काढून टाकली आणि असलीच एक डबी आणली. मोसमातला पहिला रविवार. खिडक्या उघड्या. आपल्या टीमच्या गड्याने लांब पास फेकला, आणि आर्डिस ओरडली —

"पकडला!"

फोनमध्ये चिप्स चावणं चालूच. मग नॉर्बचा आवाज, अगदी निर्मळ: "काय पकडला?"

त्याच्याकडे चेंडू अजून फेकलेलाच नव्हता. ती फोनकडे बघत राहिली, आणि अर्ध्या मिनिटाने — जवळजवळ अर्ध्या, तिने काही मोजलं नाही — तिकडून सगळा आनंद एकदम आला, ‘पकडला! आर्डी, पकडला गं!’ आणि तिला दुसऱ्यांदा आनंद करावा लागला, उरलेल्या भाताला फोडणी द्यावी तसा.

"तुझ्याकडे आधी येतं वाटतं," तो म्हणाला, आणि मग चिडला. "मग तोंड बंद ठेव ना! पुढचं सांगत सुटतेस, जिभेला हाड नाही तुझ्या."

तेव्हापासून ठरलं की आधी त्याने ओरडायचं, मग तिने. ती हात पुसायचा टॉवेल दातांत धरून बसायला लागली. आणि बसल्या बसल्या तिला त्या अर्ध्या मिनिटाचं कुतूहल वाटायला लागलं. कुठे असतो चेंडू तेवढा वेळ? इथे तर तो पकडला गेलाय, माणसं एकमेकांच्या अंगावर पडून मोकळी झालीयत, आणि नॉर्बसाठी तो अजून हवेतही नाही... की वाटेत आहे, आयोवावरून, कॅन्सासच्या कापलेल्या शेतांवरून, एकटाच, फिरत फिरत ॲरिझोनाकडे चाललाय? केंड्राने सांगितलं होतं की चित्राचे तुकडे करतात, ते बांधून पाठवतात, आणि तिकडे घरोघरी पुन्हा जोडतात, आणि प्रत्येक घराची डबी आपापल्या चालीने जोडते. म्हणजे प्रत्येक घराचं ‘आत्ता’ वेगळं. आर्डिसला ते पटलं, कारण तिने ते ऐकलंच होतं. पूर्वी आपल्या टीमने टचडाऊन केला की अख्खी गल्ली एकदम ओरडायची, जणू एकच मोठं घर. आता गल्ली तुकड्यातुकड्यांनी ओरडते. आधी आर्डिस, एकटीच, वेड्यासारखी. मग बऱ्याच वेळाने समोरचे. मग कोपऱ्यावरचं ते नवीन जोडपं... जणू आनंद दारोदार वर्तमानपत्र टाकत फिरतोय, आणि कुणाचं दार कधी येईल ते त्याच्या मनावर.

इथपर्यंत सगळं मजेचंच होतं.

मग गेल्या रविवारी, जाहिराती चालू असताना, तिने सहज विचारलं, "नॉर्ब, आपल्या आईचं ते कुत्रं रे, माझ्या लग्नात केकमध्ये तोंड घातलं होतं ते — नाव काय होतं त्याचं?"

फोनमध्ये श्वास. मग थोडा आणखी श्वास. मग नॉर्ब म्हणाला:

"थांब. इकडे अजून आलेलं नाही."

ती खो खो हसली. काय पण विनोद करतो, म्हातारा झाला तरी... तोही हसला. पण तो तिच्या हसण्यानंतर हसला, हे तिच्या लक्षात मंगळवारी आलं. मंगळवारी टॉवेलांच्या घड्या घालताना तिला कुत्र्याचं नाव आठवलं, पोल्का, अर्थातच पोल्का, इतकं सोपं, आणि त्या नावाच्या शेपटीला धरून दुसरी गोष्ट आत आली आणि टॉवेलांच्या ढिगावर बसली: टीव्ही उशिरा येतो. फोन नाही येत उशिरा.

फोन तर आत्ताचा असतो.

मग सप्टेंबरपासूनचे सगळे उशीर तिने उलटे चालवून पाहिले. ‘जेवलास का’ विचारल्यावरचा तो उशीर. ‘गुडघे कसे आहेत’ विचारल्यावरचा. ते सगळे तिने डबीच्या खात्यावर टाकले होते, न मोजता, आनंदाने. त्यातले डबीचे किती? त्याचे किती? आणि मुळात... तिलाही पोल्काचं नाव आठवत नव्हतंच ना? आठवत नव्हतं म्हणून तर विचारलं होतं. मग मी कोणत्या तोंडाने —

"आई, हॅम गार होतोय," केंड्रा म्हणाली.

रविवारी चर्चनंतर बेकरीतून गरम हॅम, आणि त्याबरोबर कडक कवचाचे पाव. त्या दोघी स्वयंपाकघरात बसल्या. केंड्राने फोन मिठाच्या डबीला टेकवून उभा केला. पडद्यावर मोठी काच, काचेपलीकडे पिवळं पडलेलं मक्याचं शेत, आणि स्टिअरिंगवर कुणा बाईचे हात. बाजूला खालून वर माणसांची नावं सरकत होती, हॅलो, हॅलो, आमच्याकडे पाऊस आहे, हॅलो.

"ही काय करतेय?"

"मका काढतेय. नेब्रास्कात."

"आणि?"

"आणि काही नाही."

"मग बघायचं काय?"

"ती आत्ता काढतेय, आई. आत्ता."

"आत्ता म्हणजे अर्ध्या मिनिटापूर्वी."

"हो गं बाई, अर्ध्या मिनिटापूर्वी!" केंड्रा पाव तोडत हसली. ती दातांच्या दवाखान्यात काम करायची. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावून घरी आली की तिला कुणाचंच तोंड बघवायचं नाही, असं तीच म्हणायची. घरी एकटी. "तू आणि नॉर्बमामा तरी काय करता? बोलता तरी का?"

"आम्ही मॅच बघतो."

"तसंच हे. घरात दुसरं कुणीतरी काम करतंय असं वाटतं. भांडी घासताना लावून ठेवते मी." मग म्हणाली, "ती सगळ्यांची नावं वाचते. परवा माझं वाचलं."

हे तिने इतक्या सहज सांगितलं की आर्डिसला लेकीचा हात धरावासा वाटला. तिने मोहरीची बाटली पुढे सरकवली. दोघी त्या बाईचे हात बघत राहिल्या. मका यायचा, कापला जायचा, पुन्हा मका. खरं तर वाईट नव्हतं. अर्ध्या मिनिटापूर्वीचा मका... आत्ता तिथे त्या बाईला शिंक आली असेल, नाहीतर एखादं हरीण आडवं आलं असेल, आणि इथे आपण तिघी अजून निवांत.

तेवढ्यात आर्डिसचा फोन वाजला. नॉर्ब. तिने शेगडीवरचं घड्याळ पाहिलं. अजून तासभर होता.

"आर्डी, अगं सुरू का होत नाहीये? हे काय बायका केक भाजतायत इथे."

"बाराला आहे रे मॅच."

"मग? आमच्याकडे दहा वाजले की."

तिने पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. काल रात्री इकडची घड्याळं, दर हिवाळ्याआधी जातात तशी, एक तास मागे गेली होती. ॲरिझोनावाले घड्याळाला हात लावत नाहीत. दर वर्षी या रविवारी गल्लत होते, पण दर वर्षी ती आर्डिसची असते, आणि नॉर्ब शनिवारीच फोन करून चिडवतो — ‘खेळ झाला का गं तुमचा घड्याळाशी? उद्या माझ्याकडे अकराला, लक्षात ठेव, नाहीतर बसशील केक बघत.’ काल त्याचा फोन आला नव्हता. तिने वाट पाहिली नव्हती असं तिला वाटत होतं... पण आता कळलं, पाहिली होती.

मागून मर्नाचा आवाज, "नॉर्ब, सांगितलं ना मघाशी! अजून तासभर आहे. दे तो फोन," आणि मग जवळून, "आर्डिस, बरी आहेस ना गं?"

"बरी आहे. आम्हीही डबी घेतली आज."

"घेतलीस? मग तुझ्याकडेही आता उशिराच येणार सगळं." मर्ना हसली, नुसतं नाकातून. "आमच्याकडे तर हल्ली... ही डबीच तशी आहे."

"डबीच," आर्डिस म्हणाली.

"हो ना. डबी."

इथे विचारायचं होतं. एवढी मोकळी जागा पुन्हा मिळणार नव्हती. मर्नाही थांबली होती, तिचा श्वास ऐकू येत होता, आणि आर्डिसला स्पष्ट दिसलं की साबणाच्या वडीएवढ्या त्या डबीमागे दोन चांगल्या धडधाकट बायका अंग चोरून लपल्यायत, आणि दोघींनाही माहीत आहे की दुसरी तिथेच आहे.

"मग अकराला बसव त्याला," ती म्हणाली. "तुमच्या अकराला."

केंड्रा गेल्यावर तिने सशाचे कान स्वयंपाकघरातल्या छोट्या टीव्हीला लावले. आवाज बंद केला. हे तिचं उरलेलं अर्धं खरं. अँटेनावर सगळ्यात आधी येतं, ते झालं खरं ‘आत्ता’. मग दिवाणखान्यातल्या डबीवर येईल. आणि मग, किंवा बरोबर, किंवा फार नंतर, फोनमधून नॉर्ब येईल. ती दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारात उभी राहणार होती. एका बाजूला खेळ, दुसऱ्या बाजूला त्याचं मागून येणारं भूत, हातात भाऊ. दोन्ही डब्या सारख्याच, तिच्या आणि त्याच्या डबीत अंतर फार नसणार. जे उरेल ते नॉर्बचं. आठवडाभर तिने हे मनात जुळवलं होतं आणि जुळवताना तिला, काय सांगू, थोडी मजाच वाटली होती, जशी कोडं सोडवताना वाटते, आणि मजा वाटली म्हणून लाज.

मॅच सुरू झाली.

"आहेस का?" नॉर्ब.

"आहे."

स्वयंपाकघरात आपला गडी चेंडू पोटाशी धरून पळाला, रेषेपलीकडे गेला, नाचला. दारात उभी राहून तिने टॉवेल चावला. दिवाणखान्यात अजून सगळे वाकून उभे होते, बिचारे, काही माहीत नसलेले... मग तेही पळाले, आणि त्याच क्षणी फोन ओरडला, "गेला! आर्डी, गेला गं सरळ!"

त्याच क्षणी. तिने टॉवेल दातांतून सोडला. बघ, म्हटलं ना मी, डबीच. ती इतकी हसली की नॉर्ब म्हणाला, "एवढं काय? एकच टचडाऊन आहे."

मग दुसरा. स्वयंपाकघर. दिवाणखाना. फोन... फोनमध्ये चिप्स. ती थांबली. दिवाणखान्यात पुढचा खेळही सुरू झाला.

"नॉर्ब?"

"काय?"

"दिसलं?"

"काय दिसलं?" आणि मग, जरा वेळाने, वेगळ्या आवाजात, जसं कुणी अंधारात हात फिरवून बटण शोधावं तसं, "हां... हां, दिसलं. मस्त होतं."

ते दिसलं होतं की तो तिचं मन राखत होता? की पाव घ्यायला उठला होता? तिसऱ्या वेळी तो पुन्हा बरोबर आला. चौथ्या वेळी त्याने पंचांना इतक्या नेमक्या, इतक्या ताज्या शिव्या दिल्या की त्यात एकही शब्द हरवलेला नव्हता. म्हणजे? परीक्षा घेणारीलाच उत्तर येईना. दारात उभं राहून तिची मान दुखायला लागली, एकदा इकडे, एकदा तिकडे. आणि मध्यंतर झालं तेव्हा तिला कळलं की आज अर्धी मॅच झाली आणि आपण ती पाहिलीच नाही. आपण नॉर्बला पाहत होतो. चोरून, कान लावून, शेजारच्या घरातलं भांडण ऐकावं तसं.

"आज तू काही बोलत नाहीस," नॉर्ब म्हणाला.

"बोलते की."

"नाही. तू... तू मागे उभी असल्यासारखी वाटतेस."

मागे उभी. तो काय बोलला ते त्याला कळलं होतं का? की नुसतंच निघून गेलं तोंडातून?

कारण मी मागेच उभी असायचे. लहानपणी, बर्नहॅम स्ट्रीटच्या घरात, रविवारी चित्रात मुंग्या यायच्या, नुसत्या पांढऱ्या मुंग्या, आणि वडिलांनी शोधून काढलं होतं की धाकटीने अँटेनाची दांडी हातात धरली की मुंग्या जातात. का जातात ते कुणालाच माहीत नव्हतं. मग मला टीव्हीच्या मागे उभं करायचे, एक हात वर, आणि नॉर्ब समोर जमिनीवर पालथा. ‘हलू नकोस! अगं हलू नकोस ना!’ मला खेळ कधी दिसलाच नाही. मला दिसायचा नॉर्बचा चेहरा, त्यावर पडणारा निळा उजेड, हलणारा, आणि त्याचं तोंड. तो सांगायचा. ‘फेकला... जातोय, जातोय... पकडला!’ आणि मग मी ओरडायचे, हात वर तसाच ठेवून. मी पाहिलेल्या सगळ्या मोठ्या मॅच मी त्याच्या तोंडावर पाहिल्या. एका सोमवारी शाळेत मी छाती काढून सांगितलं की शेवटच्या क्षणी आपल्याने कसा झेल घेतला, आणि सगळी पोरं हसली, कारण त्या खेळाडूच्या हातून तो सुटला होता, सगळ्या गावाने पाहिलं होतं सुटताना. घरी येऊन मी नॉर्बच्या पाठीत गुद्दे घातले. खोटं का सांगितलंस, का? तो हसत हसत म्हणाला, ‘अगं, तुझं तोंड बघायचं होतं मला, तू ओरडतेस तेव्हाचं.’

म्हणजे ऐन झेलाच्या वेळी तो खेळ सोडून माझ्याकडे बघत होता... आर्डिस दारात उभी होती आणि हे तिच्या आज लक्षात येत होतं, इतक्या वर्षांनी. हेही वाटेतच होतं म्हणायचं. मग नॉर्बला एका कुत्र्याचं नाव आठवायला उशीर झाला तर मी आठवडाभर मोजत बसते, कोण लागून गेले मी?

पोल्का, असं तिने त्याला सांगितलं असतं तर? सांगू नये. येऊ दे त्याचं त्याला. नाही आलं तर... नाही आलं तर तेही मग बघू. मर्नाला फोन करायचा, ते मात्र करायचं, उद्या, सोमवारी, म्हणजे तिला आधी वाटेल कुणीतरी गेलं. वाटू दे. डबीमागून आधी कुणीतरी एकीने बाहेर यायलाच हवं.

तिने स्वयंपाकघरातला टीव्ही बंद केला. अँटेनाची तार उपसली. सशाचे कान उचलून ती दिवाणखान्याकडे निघाली, कशासाठी ते तिलाही नीट माहीत नव्हतं, कपाटाच्या वरती ठेवायला बहुतेक. फोन दुसऱ्या हातात. दिवाणखान्यात मॅचचा उत्तरार्ध बराच पुढे गेला होता, आपण मागे होतो, आणि मध्येच जाहिराती लागल्या होत्या. एक मोठा ट्रक डोंगर चढत होता. टायरांखाली दगड सुटत होते.

"फेकला," नॉर्ब फोनमध्ये म्हणाला.

ती थांबली.

"जातोय, आर्डी... जातोय, जातोय..."

ट्रक डोंगर चढत होता.

"पकडला! अगं पकडला! पाहिलंस? पाहिलंस ना तू?"

त्याचा आवाज लख्ख होता. कुठेच मुंगी नव्हती त्यात. इतका लख्ख आवाज तिने सप्टेंबरपासून ऐकला नव्हता... की फार वर्षांपासून ऐकला नव्हता? तिची डबी त्याच्याहून मागे असेल. असू शकतं, प्रत्येक घराची चाल वेगळी, केंड्राच म्हणाली होती, आणि मॅच सुरू झाल्यापासून दोन्ही डब्यांमधलं अंतर वाढलंही असेल, कुणी पाहिलंय. किंवा तिकडेही ट्रकच असेल, आणि हा झेल आजचा नसेलच, बर्नहॅम स्ट्रीटवरून निघालेला असेल आणि आत्ता कुठे पोचला असेल. किंवा नॉर्ब लबाडी करत असेल, तिचं तोंड बघायला, इतक्या लांबून. तीनपैकी काय ते तीन पावलांवर कळलं असतं. स्वयंपाकघरात जायचं, तार खुपसायची. अँटेना तर हातातच होती, आणि तिच्या ध्यानात आलं की ती आपण वर धरलीय, डोक्याच्याही वर, कोपर ताठ, आणि आपण हलत नाही आहोत.

"आर्डी? पाहिलंस का गं?"

"थांब," ती म्हणाली. "इकडे अजून आलेलं नाही."

आणि नॉर्ब हसला, लगेच, जराही उशीर न करता.

"येईल," तो म्हणाला. "बघ तू. काय घेतलाय!"

ट्रक शिखरावर जाऊन उभा राहिला. त्यामागे आभाळ होतं, कुठलंही असावं तसं. हाताला रग लागली होती, तो तिने खाली घेतला नाही. अर्धं मिनिट झालं असेल, जास्तही झालं असेल. दुसरी जाहिरात लागली, कसल्याशा सूपची, आणि ती त्या सूपकडे इतक्या उत्सुकतेने बघत होती की तिच्या तोंडाचा आ झाला होता, आणि फोनमध्ये तिचा भाऊ गप्प राहून तिच्या ओरडण्याची वाट बघत होता.